खांद्यात दोन बोटं

९ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिय बिट्टे,

सुटले! परवा डिस्चार्ज मिळाला आणि आज मी पुन्हा माझ्या खिडकीजवळच्या खुर्चीत, डावा हात डायलिसिसच्या मशीनला जोडून बसले आहे. उजवा मोकळा आहे. चार तास तो नुसता मांडीवर ठेवायचा म्हणजे माझ्यासारखीला शिक्षाच, म्हणून तुला पत्र. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस. पण पाकीट हातात आलं की ते फोडल्याशिवाय तुला चैन पडायचं नाही. लहानपणी तर तू शेजाऱ्यांचीसुद्धा पाकिटं फोडायचीस.

रागावलीयस, माहीत आहे. गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत, आईच्या देखत, तू रिपोर्ट टेबलावर ठेवलेस. मला न विचारता सगळ्या तपासण्या करून आली होतीस. "जुळतंय," म्हणालीस, जशी काही शर्टाला मॅचिंग बटणं शोधून आणलीस. मी "नाही" म्हणाले. दिवसभर वाकून शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईची किडनी काढून मी स्वतःला लावून घेऊ? आई तुझ्या जिवावर आहे. आणि तू दारातून वळून म्हणालीस, "जन्मभर तुझं मी घेतलं. माझं तुला चालत नाही का?" उत्तरही न ऐकता गेलीस. असो. आज भांडण नको, आज मी खुशीत आहे.

कारण मालकांनी गाडीची किल्ली परत दिली! खरं म्हणजे बरीच कुरकुर करून दिली. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक मनाने चांगले, पण घाबरट. म्हणाले, "बाई, वर्षभरात तिसऱ्यांदा ॲडमिट झालात. शिकणारी माणसं ताटकळतात. शिवाय रस्त्यात तुम्हाला काही झालं तर तुमच्या बाजूचा ब्रेक कोण दाबणार? आता आणखी एकदा झालं, तर गाडी मी दुसऱ्याला देणार." मी म्हटलं, "होणारच नाही." किल्ली घेतली आणि त्यांचा विचार बदलायच्या आत बाहेर पडले.

आता नाहीच व्हायचं ॲडमिट. ही गाडी गेली तर माझ्याकडे उरेल ती फक्त ही खुर्ची. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी पेशंट असते, पण बाकीचे चार दिवस माणसं मला "मॅडम, आता कुठला गिअर?" असं विचारतात. त्या चार दिवसांसाठीच तर हे तीन दिवस काढते मी.

आणि माझ्याकडे एक शिष्या आली आहे! बँकेतून रिटायर झालेल्या काकू. साठी उलटली आहे आणि चारचाकी शिकायची आहे. ४ एप्रिलला त्यांची परीक्षा. काल पहिल्याच दिवशी त्यांनी आरशात बघून आधी केस नीट केले, मग विचारलं, "हा मागचं दिसायला असतो का?" मला इतकं हसू आलं की दम लागला.

माझी तब्येत उत्तम आहे. वजन तर किती दिवसांत तसूभर हललेलं नाही. आईला सांग.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय बिट्टे,

उत्तर नाही. ठीक आहे, मी दोघींच्या वाटचं बोलेन, सवय आहे.

काकूंनी काल गाडी रिव्हर्समध्ये घेतली! सरळ! एका पत्र्याच्या पिंपाला नमस्कार करून थांबली म्हणा, पण पिंपाचीच चूक होती असं काकूंचं ठाम मत. बँकेत आयुष्य गेलेलं, त्यामुळे प्रत्येक वळणाला माझी सही लागते. "वळू का? नक्की वळू? मग तुम्ही सांगितलं म्हणून वळते हं." अशी बाई मला भारी आवडते.

इकडे खुर्चीवर मात्र माझं डॉक्टरीणबाईंशी वाजलं. तुला इथली पद्धत सांगते, म्हणजे भांडणाची मजा कळेल. आत आलं की आधी वजनकाट्यावर उभं राहायचं. प्रत्येकाचं एक ठरलेलं वजन असतं, त्याला इथे कोरडं वजन म्हणतात. म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसताना माणूस जेवढा भरेल तेवढं. आम्हा पेशंटना लघवी होत नाही, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच राहतं. त्या कोरड्या वजनाच्या वर जेवढं भरेल तेवढं पाणी मशीन काढून घेतं, आणि जाताना काटा बरोबर त्या आकड्यावर आला की सुट्टी. माझा आकडा कित्येक महिने तोच आहे. मी त्या काट्यावर अशी उभी राहते जणू बक्षीस घ्यायला आले आहे.

आणि तरीही डॉक्टरीणबाई म्हणतात कशा, "तुमच्या फुप्फुसात पुन्हा पुन्हा पाणी साठतंय. तुम्ही चोरून पाणी पिता." मी! जी दिवसाचं पाणी भांड्याने मोजून घोट घोट पिते, ती! मी म्हटलं, "बाई, चोरायचंच असतं तर मी आइस्क्रीम चोरलं असतं." शेजारच्या खुर्चीतले काका इतके हसले की त्यांच्या मशीनचा अलार्म वाजला. या काकांना आम्ही सगळे रेडिओ म्हणतो, कारण त्यांना बंद करायचं बटण नाही. मग बाईंनी विचारलं, जेवण कसं आहे, भूक लागते का? म्हटलं, झकास! लागणारच. नाहीतर त्या आहार सांगणाऱ्या मुलीला बोलावतात आणि ती अर्धा तास प्रवचन देते. आणि वजन हललेलं नाही म्हणजे मी जेवतेच की, नाही का?

तोंडाला चव नाही एवढंच. ते काही फार नाही.

हल्ली मी आरामखुर्चीत बसून वाचता वाचता तिथेच झोपते. छान झोप लागते. पलंगाची आता सवय राहिली नाही. आईला हे सांगू नकोस, ती उगाच अर्थ काढत बसते.

काल आईचा फोन आला तेव्हा मागे तुझं मशीन घडघडत होतं. आई म्हणाली, "ताईचा आवाज असा काय गं येतोय, मध्येच तुटल्यासारखा?" आणि मशीन थांबलं. मी ऐकलं, बिट्टे. मी "रेंज नाही" म्हणाले, तेव्हा पुन्हा सुरू झालं.

तुझी,
ताई

१ मार्च, शुक्रवार

प्रिय बिट्टे,

घाबरू नकोस. हे पत्र वॉर्डातून आहे.

मंगळवारी काकूंबरोबर गाडीत होते. चौकाच्या अलीकडे मला श्वासच पुरेना. पाण्यात डोकं दाबून धरावं तसं झालं. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबायला गेले तर पाय उचलेना. आणि काकूंनी काय केलं माहिती आहे? माझी सही न मागता डावीकडे वळल्या, तिसऱ्यावर होत्या त्या दुसऱ्यावर आल्या, हॉर्नवर तळवा ठेवला तो उचललाच नाही, आणि सरळ मला हॉस्पिटलच्या दारात आणून उभं केलं! शिकाऊ लायसन्सवर! तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता तरी मी त्यांना सांगत होते, "हॅन्डब्रेक! हॅन्डब्रेक ओढा!" ओढला त्यांनी. काय अभिमान वाटला मला!

बाकी सगळं वाईट आहे. खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी मालक भेटायला आले. हातात संत्री, जी मला चालत नाहीत. छताच्या पंख्याकडे बघत म्हणाले, "बाई, तुम्ही आधी बऱ्या व्हा." याचा अर्थ मला कळतो. गाडी गेली. एक मिशीवाला नवीन माणूस ठेवला आहे. काकूंनी त्याच्याकडे शिकायला साफ नकार दिला आहे म्हणे. "मॅडम येईपर्यंत मी थांबेन," म्हणाल्या. पण ४ एप्रिल काही त्यांच्यासाठी थांबणार नाही.

आणि बिट्टे, मला खरंच कळत नाही मी काय चुकते आहे. पाणी मोजून पिते. मीठ सोडलं. एकही दिवस बुडवत नाही. काटा रोज सांगतो की मी बरोबर आहे, आणि दर काही महिन्यांनी मला उचलून इथे आणावं लागतं. तू म्हणशील, म्हणूनच मी देत होते ना. पण तसं म्हणू नकोस. रडायला येतंय आणि या मास्कमध्ये नाक पुसता येत नाही.

तुझी,
ताई

११ मार्च, सोमवार

बिट्टे! बिट्टे! बिट्टे!

पार्सल मिळालं! आणि तुला कल्पना नाही तू काय केलंस! थांब, क्रमाने सांगते. नाहीतर रेडिओकाका म्हणतात तसं माझं व्हायचं, आधी बातम्यांचा शेवट आणि मग सुरुवात.

शनिवारी घरी सोडलं. दारात तुझं पार्सल. आत चिठ्ठी नाही, चार ओळी नाहीत, काही नाही. नुसता शर्ट. आमच्या स्कूलचा निळा, पेनासाठी तो अरुंद खिसा, आणि काखेत तुझी ती जादाची पट्टी, जिच्यामुळे मी झटकन स्टिअरिंगकडे हात नेला तरी शिवण उसवत नाही. म्हणजे आईने तुला गाडी गेल्याचं सांगितलं आणि तू कपडा कापायला बसलीस! दुष्ट मुली. एक शब्द लिहिला असतास तर काय झालं असतं?

घातला. आणि मला वाटलं, तू रागाच्या भरात दुसऱ्याच कुणाचं तरी माप घेतलंस. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली. कॉलर मानेपासून दूर, मध्ये आरामात मूठ जाईल. पाठीवर तर पडद्यासारखा झोळ. आधी हसले. मग वाटलं, तुझं माप चुकायचं नाही. तू डोळे झाकून मला शर्ट शिवलेत. अगदी त्याच मापाचा तुझा मागचा शर्ट कपाटातून काढून घातला. तोही तसाच! तो मी कधीपासून घातलाच नव्हता. ॲडमिट, डिस्चार्ज, आणि डायलिसिसच्या खोलीत थंडी वाजते म्हणून बारा महिने अंगावर ते जाडं, ढगळ जाकीट. गाडीतही तेच. आरशात मान आणि हाडंच दिसत होती, बाई. पाय मात्र सुजलेले.

मग बिट्टे, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी निम्मी झाले आहे, आणि वजन तेवढंच आहे. मग हे वजन कशाचं?

आज जाकीट घरी ठेवून तुझा शर्ट घालून आले. रेडिओकाका मला बघून ओरडलेच, "अहो मॅडम, या शर्टात आणखी एक बाई मावेल! दोघींचं तिकीट काढलंत का?" डॉक्टरीणबाई वळल्या आणि बघतच राहिल्या. जवळ आल्या, कॉलरमध्ये बोटं घातली, दंड चाचपला, नडगीवर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. मग हळू आवाजात विचारलं, "खरं सांगा. जेवता का?"

सांगितलं. चार घासांवर पाचवा जात नाही. कित्येक महिने.

त्यांनी हातातली फाइलच कपाळावर मारून घेतली. "अहो, मग तुमचं मांस झडलं आणि त्याच्या जागी पाणी बसलं! काट्याला काय कळतंय, तो दोन्ही सारखंच मोजतो. तुमचं कोरडं वजन कधीच खाली आलंय, आणि आम्ही तुम्हाला जुन्याच आकड्यावर आणून सोडतोय. म्हणजे दर वेळी तुम्ही चार-पाच लिटर पाणी घेऊनच घरी जाता! आणि मी तुम्हाला पाणीचोर म्हणत होते." मी म्हटलं, "चोर नाही, गोदाम." मागे एकदा त्यांनी आकडा थोडा खाली आणून बघितला होता, तेव्हा माझे पाय वळले आणि मीच आरडाओरडा करून तो पुन्हा वर करायला लावला होता. त्यात मी छातीठोकपणे सांगत होते, जेवण झकास! त्या बिचाऱ्या तरी काय करतील?

आता अर्धा-अर्धा किलो करत आकडा खाली आणायचा. हळूहळू, मान्य. पण मला कळलं काय चुकत होतं! आज पहिला अर्धा किलो निघाला. पाय वळले, ओरडले, पण सिस्टरला मशीनच्या बटणाला हात लावू दिला नाही. रेडिओकाका शेजारून क्रिकेटसारखी कॉमेंट्री करत होते.

आनंदाने वेडी झालेली,
ताई

२७ मार्च, बुधवार

प्रिय बिट्टे,

काल मी पलंगावर झोपले. आडवी. एका उशीवर. सकाळी जाग आली तर छताकडे बघत होते आणि मला कळेना हे काय आहे समोर! किती महिन्यांनी छत बघितलं मी. तुला मागे खोटंच लिहिलं होतं, वाचता वाचता खुर्चीत झोपते म्हणून. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून बसून रात्री काढत होते. आता सांगायला हरकत नाही, संपलं ते.

चार किलो खाली आले! माझे घोटे मला सापडले! चपलेचा पट्टा दोन भोकं आत गेला. आणि भूक! काल स्वतःहून दोन अंडी मागून खाल्ली. पोटातसुद्धा पाणी होतं, बाई म्हणाल्या, जेवण जाणार कुठे. आता आहारवाल्या मुलीचं प्रवचन मीच उभं राहून ऐकते आणि वर शंका विचारते, ती पळ काढते.

गेल्या आठवड्यात रेडिओकाकांना ताप आला, थंडी भरून आली, आणि त्यांना वरच्या मजल्यावर नेलं. रक्तात जंतू गेले होते. त्यांची खुर्ची रिकामी होती तेव्हा ही खोली इतकी शांत झाली की सिस्टरसुद्धा कुजबुजत होत्या. मला फार भीती वाटली. इथे एखादी खुर्ची रिकामी झाली की कुणी विचारत नाही, नुसतं दाराकडे बघतात. पण आज आले! चाकाच्या खुर्चीवरून येता येताच विचारलं, "माझ्यामागे कुणी काही विनोद केला का?" सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या, मी एका हाताने मांडीवर.

आणि आता खरी गोष्ट. परवा आईचा फोन आला. मी शर्टाची हकिकत तिला पहिल्यापासून सांगितली, पत्रात होती तरी. मागे तुझं मशीन चालू होतं. "दंडावर शिवण उतरली" म्हणाले आणि ते थांबलं. मी बोलत राहिले. आणि मग मला तुझा आवाज आला, बिट्टे! दुरून, दातांत टाचण्या धरल्यासारखा. "आई, विचार तिला, खांद्यात किती बोटं शिरतात."

आई म्हणाली, "ती विचारतेय, खांद्यात—"

"ऐकलं मी," म्हटलं. "दोन."

मग तुझं मशीन पुन्हा लागलंच नाही. आईने फोन ठेवेपर्यंत नाही. वर्षभरात तू मला हे एक वाक्य बोललीस आणि मी दिवसभर दोन बोटं खांद्यात घालून घरभर फिरत होते.

तुझी,
ताई

५ एप्रिल, शुक्रवार

प्रिय बिट्टे,

काकू पास!!

तुझा शर्ट घालून गेले होते, ढगळ तर ढगळ. परीक्षेच्या गाडीत आम्हाला बसू देत नाहीत. मी मैदानाच्या कुंपणाला धरून उभी, आणि माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर ब्रेक दाबत होता. त्या मिशीवाल्याकडे काकू गेल्याच नाहीत. गेले दोन आठवडे मी त्यांच्या भाच्याच्या गाडीत मागे बसून तोंडाने शिकवलं, आणि भाचा पुढे जीव मुठीत धरून. चढावर गाडी बंद पडली तेव्हा माझे डोळे मिटले. उघडले तर काकूंनी हॅन्डब्रेक ओढला होता, शांतपणे पुन्हा चालू केली, आणि गाडी एक वीतभरही मागे न जाता वर गेली. उतरल्यावर परीक्षकांना म्हणाल्या, "तुमची सही कुठे होते?" मग येऊन मला मिठीच मारली. दोघी रडलो. मालक मागेच उभे होते. खाकरले आणि किल्ली पुढे केली. म्हणाले, "सोमवार-बुधवार-शुक्रवार मिशी, बाकी तुम्ही. चालेल?"

चालेल का म्हणे! पळेल!

आता ऐक. हे लिहायला मी तीनदा पेन उचललं आणि खाली ठेवलं.

आज डॉक्टरीणबाई खुर्चीशी येऊन बसल्या. म्हणाल्या, पाणी उतरलं, छाती मोकळी झाली, आता अंगावर मांस चढलं की तुम्ही ऑपरेशनला तयार आहात. असं चांगलं नेहमी राहत नाही, म्हणाल्या. आज ताप, उद्या छाती, रेडिओकाकांचं बघताच आहात. मग विचारलं, "बहीण अजून बोलत नाही का?" मी म्हटलं, एक वाक्य बोलली. त्या हसल्या. तुझी वाकायची कामं, आई, सगळं मी त्यांच्यापुढे पुन्हा मांडलं. त्या म्हणाल्या, "त्याची काळजी आम्ही तपासून करू. ती तयार आहे की नाही, हे तुम्ही का ठरवता?"

तुला आठवतं, मी शाळेत असल्यापासून तुझं दप्तर मी उचललं, तुझी फी भरली, पहिलं मशीन घेऊन दिलं. मला द्यायचं कळतं, बिट्टे. घ्यायचं कळतच नाही. तू दारातून वळून विचारलंस आणि मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. तू ऐकायला थांबली नाहीस असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते खरं नाही. तू थांबली होतीस. बराच वेळ.

तर आता उत्तर. चालतं. तुझं मला चालतं. तुझ्या शर्टाने मला घरी ठेवलं, गाडी परत दिली, छत दाखवलं. आता तुझी किडनीही चालेल. मी मागते आहे. तुझं मन बदललं असेल, पोटात भीती असेल, तर खुशाल नाही म्हण, मी एकदा म्हणालेच आहे, आता तुझी पाळी. मी रागावणार नाही. फक्त नाही म्हणायचं असलं तरी इथे येऊन म्हण.

आणि शर्ट मी लहान करून घेणार नाही. स्कूलपासच्या शिंप्याने दोनदा विचारलं, मी दिला नाही. खांद्यात दोन बोटं आहेत, कॉलरमध्ये मूठ. माझं माप बदललं आहे, बिट्टे, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला घेऊ द्यायचं नाही.

ये. येताना टेप घेऊन ये.

तुझी,
ताई